डाव्या बाजूचा ओरखडा

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पण पाठ वळली की ब्रेकबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो आणि एक जादा क्लच. त्या ब्रेकवर पाय ठेवून बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावर एखादी गाडी भस्सकन वळली, तरी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा.

"अगं, फरशी फुटेल," असं त्यांची थोरली बहीण म्हणायची.

थोरली नवरा गेल्यावर धाकटीकडे राहायला आली होती. दोघींना मिळून दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे फरसबंद अंगण. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर त्या सांगत, "दिवसभर कुणाच्या तरी शेजारी बसून त्याला सांभाळते. घरी येऊन पुन्हा तेच कशाला?" ऐकणारा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा.

पण त्यात थट्टा निम्मीच होती. बाई खरोखरच शेजारच्या सीटवर बसून म्हाताऱ्या झाल्या होत्या. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, घाम दुसऱ्याच्या कपाळावर आणि जबाबदारी मात्र बाईंची. पार घाबरलेलं गिऱ्हाईक असलं की स्कूलचे मालक ते त्यांच्याकडेच द्यायचे. गिअर टाकताना डोळे मिटून घेणारी एक शिंपीण, ट्रक दिसला की स्टिअरिंग सोडून हात जोडणारे एक निवृत्त हेडमास्तर, सगळे बाईंच्या हाताखालून रस्त्याला लागले. बाईंचा आवाज कधी चढला नाही. "आरशात बघा. आता वळा. घाई कुणालाच नाही," एवढंच त्या म्हणत, आणि डोळ्यांत तेल घालून समोर बघत राहत.

चाळिशी उलटल्यावर बाईंनी एक गोष्ट केली, जी कुणालाच पटली नाही. परदेशी निघालेल्या एका दाताच्या डॉक्टरकडून त्यांनी त्याची जुनी जपानी गाडी घेतली. दोन दारांची, चंदेरी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. दिवे बॉनेटच्या आत लपलेले. बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर यायचे, आणि डावा दिवा उजव्याच्या मागून, अंमळ झोपेत असल्यासारखा. कागदोपत्री तिचं नाव स्पोर्ट्स कूपे. थोरलीने तिचं नाव ठेवलं खड्डा.

"गाडीत चढायचं असतं," थोरली म्हणाली होती, "हिच्यात उतरावं लागतं. आणि माझे गुडघे असे. एकदा उतरले तर बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागेल. मागे तर पिशवी ठेवायलाही जागा नाही. घेतलीस कुणासाठी?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या होत्या.

दर रविवारी सकाळी त्या एकट्याच गाडी काढायच्या. गोदामांच्या रांगेवरून, पेट्रोल पंपावरून, कालव्याच्या पुलावरून थेट पाण्याच्या मोठ्या तलावापर्यंत. शेजारची सीट रिकामी. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाचं काही सांभाळायचं नाही. तलावापाशी गाडी वळवायची आणि परत यायचं. एवढीच काय ती बाईंची चैन. पंधराएक वर्षं ती चालली.

मग एका मंगळवारी, शिकवणीच्या गाडीत, ते झालं.

बँकेत रोखपाल असलेला एक पोक्त गृहस्थ शिकत होता. डावीकडे वळायचं होतं. बाईंनी आरसा बघितला, रस्ता बघितला आणि म्हणाल्या, "मोकळं आहे, वळा." गृहस्थाने स्टिअरिंग फिरवलं आणि एकदम ब्रेक दाबला, इतका जोरात की बाई पट्ट्यात अडकल्या. त्यांच्या खिडकीला अगदी घासून एक सायकलवाला शिव्या देत पुढे निघून गेला.

"सॉरी मॅडम," गृहस्थ घाबरून म्हणाला, "फार जोरात दाबला का?"

बाईंनी खाली बघितलं. त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर तसाच होता, न दाबलेला. सायकलवाला आला कुठून, हे त्यांना कळलंच नव्हतं. तो जणू हवेतून उगवला होता.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "असंच करायचं."

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाईंनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी तिथल्या मुलीला म्हणाल्या, "अहो, मशीन बंद पडलं वाटतं."

"नाही हो काकू," मुलगी हळूच म्हणाली. "चालूच आहे."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, पण डाव्या अंगाची नजर जास्त गेलेली. गेली ती येणार नाही. राहिलेली राखायला रोज थेंब घालायचे. "तुम्हाला कळलं नाही यात नवल नाही," ते म्हणाले. "दिसत नाही तिथे काळं दिसत नाही. तिथे काही आहे असंच वाटत नाही. रिकामी जागा मेंदू आपल्या मनाने भरून काढतो."

"किती दिवसांपासून असेल हे?"

"दिवस नाही, वर्षं. दोन असतील, तीन असतील."

"आणि गाडी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही शिकवता ना गाडी? असे डोळे घेऊन कुणी तुमच्याकडे शिकायला आलं, तर तुम्ही काय म्हणाल?"

बाई उठल्या आणि बसने घरी गेल्या.

मालक भले माणूस होते. त्यांनी बाईंना घरी बसवलं नाही. वर्गात फळ्यापुढे उभं केलं. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे इशारा, हे नव्या शिकाऊंना सांगायचं काम. बाई ते करू लागल्या. शिकाऊ जांभया देत आणि बाई खडूने त्रिकोण काढत. खाली रस्त्यावर त्यांची शिकवायची गाडी दुसराच कुणी घेऊन बाहेर पडायचा, आणि गिअर खरखरला की बाईंचा खडू थांबायचा.

अंगणात चंदेरी गाडी कापडाखाली उभी होती. दोन महिने तिला कुणी हात लावला नाही. मग एक दिवस जेवताना थोरली म्हणाली, "विकून टाक. रोज खिडकीतून बघतेस आणि रोज तोंड पाडून बसतेस."

बाईंनी वाद घातला नाही. जाहिरात फोनवर टाकायची होती. जपानी स्पोर्ट्स कूपे, दोन दारं, चंदेरी, नीट राखलेली. 'विकण्याचं कारण' या रकान्यात बाईंनी लिहिलं, नजर गेली. थोरलीने फोन हिसकावून ते पुसलं आणि लिहिलं, वापर होत नाही.

"खोटं कशाला?" बाई म्हणाल्या.

"खोटं कुठेय? होतो का वापर?"

गिऱ्हाइकं आली. पहिल्या दिवशी चार पोरांचा घोळका आला. एकाने बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, "काका घरी नाहीत का? गाडीबद्दल बोलायचं होतं." थोरली म्हणाली, "काका वर गेलेत, गाडी खाली आहे. बोला." पोरं खिदळत निघून गेली. मग एक नवराबायको आले. नवरा गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता, बायकोने आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "पोरांना काय टपावर बांधू?" तिथेच तो सौदा संपला. एकाचा फोन आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं. "बाकीचं काय करणार?" बाईंनी विचारलं. "बाकीचं भंगारात," तो म्हणाला. बाईंनी फोन ठेवून दिला.

शेवटी लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, तिशीतला, हडकुळा माणूस. नखांत ग्रीस, बोलणं कमी. त्याने थाप मारली नाही की भाव विचारला नाही. आधी परवानगी मागून कापड काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर बसून चाकं बघितली. त्याने दिवे वर आणले, आणि डावा दिवा उशिरा उठलेला बघून तो स्वतःशीच हसला. बाईंना तो तिथल्या तिथे आवडला. जायचीच असली तर गाडी याच्याकडे जावी, असं त्यांच्या मनात आलं.

मग तो डाव्या बाजूला गेला आणि वाकून म्हणाला, "हे कुठे लागलं?"

"काय?"

"हे. दारापासून मागच्या चाकापर्यंत."

बाई वळसा घालून गेल्या. दाराच्या कडेपासून मागच्या चाकापर्यंत हातभर लांब ओरखडा होता. पत्रा एका जागी चेपला होता, आणि खाचेत दुसऱ्याच कसला तरी रंग चिकटलेला होता. हिरवा.

गाडी नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून उभी असायची. धुवायच्या तेव्हा बाई बादली घेऊन त्या बाजूनेही फडकं फिरवायच्या, पण ते सवयीने. हाताखालून ही खाच गेली असेल, आणि त्यांना कळलं नसेल.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"कुणीतरी उभ्या गाडीला घासलं असेल," लिफ्टवाला समजूत घालावी तसं म्हणाला. "पुसून जाईल. त्याचं काही नाही."

पण बाईंना ते पटेना. गाडी रविवार सोडून अंगणाबाहेर जात नव्हती, आणि रविवारी तलावापाशी त्या गाडीतून खाली उतरतही नसत. उभ्या गाडीला कोण घासणार? त्यांनी लिफ्टवाल्याला सांगितलं, "आज राहू द्या. मी कळवते तुम्हाला."

तो गेल्यावर त्या अंगणात पायरीवर बसून राहिल्या. त्यांना एक आवाज आठवला. मागच्या थंडीतला एक रविवार, कालव्याच्या अलीकडे कुठेतरी, डावीकडून आलेला टक्क असा आवाज. त्यांनी आरशात बघितलं होतं. रस्ता रिकामा होता. खडी उडाली असेल, असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या.

रस्ता रिकामा होता, की त्यांना रिकामा दिसला?

थोरलीने चहा आणून ठेवला तो तसाच निवला. "काय झालं?" तिने विचारलं. बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात पाट्या समजावून सांगाव्यात तसा, आणि त्यामुळेच थोरली घाबरली.

"खांब असेल एखादा," थोरली म्हणाली.

"सायकल हिरवी नसते?"

"आणि माणूस पडला असता तर ओरडला नसता?"

"काचा बंद होत्या, ताई. थंडी होती."

थोरलीने निवलेला चहा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी बाई पोलीस चौकीत गेल्या. टेबलामागच्या हवालदाराने वही उघडली. "तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्धच असेल बहुतेक."

हवालदाराने मान वर केली. "काय केलंत?"

"तेच विचारायला आले. मागच्या थंडीत कालव्याच्या रस्त्यावर कुणाला गाडीने उडवल्याची नोंद आहे का?"

"तुमचं कुणी होतं?"

"नाही."

"मग जखमी कोण, माहीत नाही. तारीख माहीत नाही. झालं की नाही तेही माहीत नाही." त्याने वही मिटली. तो काही वाईट माणूस नव्हता; बाईंचं वय बघून त्याने पाण्याचा ग्लासही पुढे केला. "बाई, लोक गुन्हा करून लपवतात. तुम्ही गुन्हा हातात घेऊन आलात, तर मी तो ठेवू कुठे? घरी जा."

त्या घरी गेल्या, पण रविवारी सकाळी बाहेर पडायला निघाल्या. खाचेतला हिरवा पापुद्रा त्यांनी नखाने खरवडून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घेतला होता. दारात थोरली उभी, पायात बूट, हातात काठी.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. डावीकडचं मी बघते, उजवीकडचं तू बघ."

बसने त्या गोदामांपर्यंत गेल्या आणि तिथून चालत निघाल्या. पंधरा वर्षं ज्या रस्त्यावरून बाई काच बंद करून भुर्रकन जायच्या, तो रस्ता आता संपता संपेना. त्यावर इतकं हिरवं असेल, हे बाईंना कधी जाणवलं नव्हतं. गोदामाचं फाटक हिरवं, पंपावरचा हवा भरायचा खांब हिरवा, कचऱ्याचा डबा हिरवा. बाई प्रत्येकापाशी थांबायच्या, डबी उघडायच्या, पापुद्रा जवळ धरायच्या. फाटक आत उघडणारं होतं; तिथे घासणं शक्य नव्हतं. हवेचा खांब रस्त्यापासून लांब होता. थोरली दर थोड्या अंतरावर काठीवर भार देऊन दम घ्यायची, आणि "मी ठीक आहे" असं कुणी न विचारताच सांगायची.

पुलाच्या अलीकडे एक सायकल दुरुस्तीवाला बसला होता. बाईंनी त्याला विचारलं. तो चाकात हवा भरता भरता म्हणाला, "थंडीत? इथे तर कुणाला ना कुणाला लागतंच, बाई. वळणच तसं आहे. एक दूधवाला पडला होता, हात मोडला त्याचा. एक म्हातारा होता, त्याला काही झालं नाही. एक पोरगी होती शाळेची."

"तिचं काय झालं?"

"घेऊन गेले तिला. पुढचं काय माहीत? माणसं काय सांगायला परत येतात?"

"तिची सायकल कोणत्या रंगाची होती?"

त्याने पंप थांबवला आणि बाईंकडे नीट बघितलं. मग थोरलीकडे बघितलं. "आठवत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा चाकाकडे वळला. त्याला खरंच आठवत नव्हतं, की एका म्हाताऱ्या बाईला त्याने सोडून दिलं, हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

पुलाच्या तोंडाशी लोखंडी कठड्याचा पहिला खांब होता, थोडा रस्त्यात आलेला, वाकलेला. हिरवा. त्यावर कमरेखाली कितीतरी गाड्यांचे ओरखडे होते, पांढरे, लाल, काळे, आणि चंदेरीसुद्धा. बाईंनी डबी उघडली. पापुद्रा खांबापेक्षा फिकट वाटत होता. पण खांबाला मधे कुणीतरी नवा रंग दिला होता, आणि त्या रंगावरही पुन्हा ओरखडे पडले होते. बाईंनी पापुद्रा वर धरला, खाली धरला, उन्हात धरला, सावलीत धरला.

"हाच," थोरली म्हणाली.

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून. चंदेरी खूण आहे, उंची जमते. हाच आहे, आणि आता आपण घरी जाणार."

"रंग जुळत नाही, ताई."

"तुला आता रंग तरी धड दिसतात का?" थोरली एकदम म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली कालव्याचं पाणी संथ वाहत होतं. बाईंनी डबी मिटली, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल. हाच असेल."

दोघी बसने परतल्या. थोरलीचे गुडघे सुजले आणि पुढचा आठवडा ती घरातल्या घरात भिंत धरून चालली.

बाईंनी लिफ्टवाल्याला फोन केला. तो आला तेव्हा त्यांनी आधी सगळं सांगितलं, डोळ्यांचं, आवाजाचं, शाळेच्या पोरीचं. "माहीत असून घ्यायची असेल तर घ्या," त्या म्हणाल्या. त्याने खाली मान घालून ऐकलं. "गाडीने काही केलेलं नाही, बाई," तो शेवटी म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता. पण गाडीने नाही तर मग कुणी केलं, हे त्या वाक्यात आपोआप आलंच, आणि ते दोघांनाही कळलं.

चालवून बघायला तो बाईंना बरोबर घेऊन गेला. बाई डावीकडून आत उतरल्या. इतक्या वर्षांत त्या या सीटवर कधी बसल्या नव्हत्या. पुढे ब्रेक नव्हता, क्लच नव्हता, नुसता गालिचा. लिफ्टवाला सावकाश, नेमकी चालवत होता. चूक काढावी अशी त्यात एकही जागा नव्हती. तरी प्रत्येक वळणावर बाईंचा पाय गालिचा दाबत होता. एकदा त्यांच्याच खिडकीला लागून एक अख्खा ट्रक गेला, आणि तो बॉनेटच्या पुढे येईपर्यंत बाईंना दिसला नाही.  हेच त्यांनी दोन वर्षं, कदाचित तीन वर्षं, दर रविवारी केलं होतं. आणि आठवड्याचे बाकीचे दिवस दुसऱ्यांना शिकवलं होतं.

"नीट चालवतोय ना मी?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"उत्तम चालवताय. इथून परत फिरा."

"तलावापर्यंत जाऊ या की."

"नको," बाई म्हणाल्या.

गाडी त्याच आठवड्यात गेली. थोरली खिडकीत बसून बघत होती. बाईंनी फाटक उघडलं, डावीकडे पूर्ण मान वळवून रस्ता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग हाताने खूण केली.

त्यानंतर बाई रविवारी कुठे जात नाहीत. शाळा सुटायच्या वेळेला मात्र कधी कधी त्या एकट्याच बसने पुलापर्यंत जातात आणि थोडा वेळ उभ्या राहतात. पोरी सायकलवरून जातात. त्यातली एखादी लंगडते का, एखादीचा हात वाकडा आहे का, हे त्या बघत असतात. सगळ्या धडधाकट दिसतात. पण जी धडधाकट नसेल ती सायकलवर येईलच कशाला, हेही त्यांना कळतं. मग बस येते आणि त्या चढतात. थोरलीला त्या सांगतात, बाजारात गेले होते. थोरली रिकाम्या पिशवीकडे बघते आणि ती खुंटीला अडकवते.

पावसाळा संपता संपता लिफ्टवाल्याचा फोन आला. थोरली बाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होती, म्हणून फोन तिनेच उचलला आणि बाईंच्या कानाला लावला.

"बाई, गाडी मस्त आहे," तो म्हणाला. "डाव्या बाजूचं काम करून घेतलं. पत्रा सरळ केला, रंग दिला. आता सांगूनसुद्धा कुणाला खरं वाटणार नाही तिथे काही होतं म्हणून."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला बरं वाटेल, म्हणून मुद्दाम कळवलं."

"हो. बरं वाटलं."

थोरलीने फोन खाली ठेवला. "डोळे मीट," ती म्हणाली, "नाहीतर सगळं औषध बाहेर येईल." बाईंनी डोळे मिटले. औषध तरीही बाहेर आलं, दोन्ही डोळ्यांतून. थोरलीने पदराने ते पुसलं, बाटली पुन्हा उघडली, आणि थेंब नव्याने घातले.